‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी : बारीक दिव्यांचा इतिहास



“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” हे वाक्य कानावर पडलं नाही अशी बाई आपल्या गटांमध्ये सापडायची नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा, बँक सखीकडे पैसे काढायला जातो तेव्हा, उताऱ्यासाठी सेवा केंद्रात रांग लावतो तेव्हा. बैठकीत हा विषय निघाला की बाया विचारतात, “हा सर्व्हर आहे तरी कोण, आणि सारखा आजारी कसा पडतो?”

इंग्रजीत पानात वाढण्याला ‘सर्व्ह’ करणं म्हणतात. त्यावरून सर्व्हर म्हणजे वाढपी. आपलं यंत्र मागतं, सर्व्हर नावाचा मोठा संगणक वाढतो. हा वाढपी शेकडो किलोमीटर लांब, थंड केलेल्या खोलीत, लोखंडी कपाटात बसलेला असतो. आपल्या महाराष्ट्रात नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात अशा खोल्यांच्या मोठमोठ्या इमारती आहेत. तो वाढपी आणि आपलं पान यांच्यामध्ये बरंच काही असतं : आपल्या गावातली तार, भिंतीवरची पेटी, काचेची केबल, वाटेतली यंत्रं. पान रिकामं राहिलं म्हणजे वाढपीच आजारी आहे असं नाही. वाटेत कोणी बादली आडवी ठेवली असेल, किंवा मधलं दारच बंद असेल.

या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर मोहरीएवढे दिवे असतात आणि तारा खोचायच्या खोबणी असतात. काय चालू आहे आणि कुठं अडलंय, हे जवळ उभ्या असलेल्या माणसाला कळावं एवढ्यासाठीच ते दिवे तिथं बसवलेले असतात. त्यांचा इतिहास आम्ही थोडा वाचला, आणि आमच्या लक्षात आलं की हे दिवे वाचण्याचं काम सुरुवातीला बायकांच्याच हातात होतं. तो इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात टेलिफोनपासून करावी लागते. १८७८ साली अमेरिकेत पहिली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. एक्स्चेंज म्हणजे गावातल्या सगळ्या फोनच्या तारा जिथं येतात ती जागा. तिथं तार पोचवणाऱ्या पोरांना कामावर ठेवलं होतं. पोरं खोडकर, गिऱ्हाइकाशी उद्धट बोलायची, मधेच थट्टा करायची. म्हणून त्याच वर्षी १ सप्टेंबरला बॉस्टन शहरात एमा नट या बाईला नेमलं. ती जगातली पहिली टेलिफोन ऑपरेटर बाई. तिची बहीण स्टेला त्याच दिवशी तिच्यामागून कामाला लागली. पुढे हे काम बायकांचंच झालं.

ऑपरेटरसमोर भिंतीसारखा उभा बोर्ड असायचा, त्यात शेकडो खोबणी, एकेका गिऱ्हाइकाची एकेक. सुरुवातीला कुणी फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नावाची छोटी झडप खट्‌कन खाली पडायची. मग १८९० च्या दशकात झडपेच्या जागी बारीक दिवे आले, आणि इथून आपली गोष्ट खरी सुरू होते.

कुणी फोन उचलला की त्याच्या खोबणीजवळचा दिवा लागायचा. बाई तिथं दोरीची पीन खोचायची, दिवा विझायचा. “कुठला नंबर?” असं विचारून ती दुसऱ्या खोबणीकडे जायची. ती खोबण मोकळी आहे का, हे पाहायला पिनेचं टोक नुसतं खोबणीच्या कडेला टेकवायचं. कानात ‘टक्‌’ आवाज आला तर तो माणूस आधीच कुणाशी बोलतोय. आवाज नाही आला तर पीन आत. दोरीच्या दोन टोकांसाठी बोर्डाच्या फळीवर दोन दिवे असत. समोरचा फोन उचलेपर्यंत त्याचा दिवा पेटलेला. दोघं बोलू लागले की दोन्ही दिवे विझलेले. दोघांनी फोन ठेवला की दोन्ही पेटलेले, म्हणजे आता दोरी काढा. एकच पेटला तर एकानं ठेवलाय, दुसरा अजून “हॅलो, हॅलो” करत बसलाय.

यातली गंमत पाहा. कुणाचंही बोलणं न ऐकता, नुसत्या दिव्यांवरून, एक बाई एकाच वेळी डझनभर जणांचं संभाषण कुठं पोचलंय ते सांगू शकायची. आणि काम नीट चाललं असेल तेव्हा दिवा विझलेला, लक्ष द्यायची वेळ आली की पेटलेला, हा नियमही त्याच बोर्डावरचा. दिवा लागलाय म्हणजे सगळं ठीक, असं गृहीत धरायचं नसतं. दिवा काय सांगायला लावलाय ते आधी समजून घ्यायचं असतं.

भारतात मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झाल्या. पुढे आपल्याकडेही या बोर्डांवर बायका बसल्या, त्यात अँग्लो-इंडियन बायका बऱ्याच होत्या. आपल्या आई-आजीच्या काळचा ‘ट्रंक कॉल’ आठवा. नंबर सांगून ताटकळत बसायचं, आणि मग पलीकडून बाईचा आवाज यायचा. ऑपरेटरला मधे न घालता परगावी थेट फोन लावायची सोय आपल्या देशात १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये पहिल्यांदा झाली. तिकडे अमेरिकेत स्ट्राउजर नावाच्या माणसानं १८९१ मध्येच आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. हा माणूस अंत्यविधीचं सामान पुरवणारा. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्यानं बाईच नको असं यंत्र केलं, अशी कथा सांगतात. ते काही असो, यंत्र चाललं.

ऑपरेटरच्या हातातली ती पीन मात्र अजून गेलेली नाही. गावच्या मांडवात भजनी मंडळाच्या माईकची वायर अँप्लिफायरला जोडतात ती पाव इंची जाड पीन पाहिली असेल. ती त्याच एक्स्चेंजच्या पिनेची नात आहे.

आता १९४६ साल. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात ‘एनिॲक’ नावाचा संगणक फेब्रुवारीत लोकांसमोर आणला. वजन ३० टन, आत जवळपास १८ हजार काचेच्या नळ्या, अख्खा हॉल भरून चाळीस उभी कपाटं. लष्कराला तोफगोळा कुठं पडेल याचे तक्ते हवे होते, त्यासाठी तो बांधला. तोवर हे हिशेब गणित शिकलेल्या मुली हातानं करत होत्या. त्या मुलींच्या हुद्द्याचं नावच ‘कॉम्प्युटर’ होतं! त्यांतल्या सहा जणींना निवडून या यंत्राला काम सांगायला बसवलं : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्र गुपित होतं, म्हणून सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायची परवानगीसुद्धा त्यांना नव्हती. नुसते नकाशे पसरून त्या यंत्र शिकल्या. त्यांना शिकवायला कुठलं पुस्तक नव्हतं, असं पुस्तक तेव्हा लिहिलंच गेलं नव्हतं.

एनिॲकला काम सांगायचं म्हणजे आजच्यासारखं टाइप करायचं नाही. या कपाटातली तार त्या कपाटात खोचायची, खटके फिरवायचे. म्हणजे पुन्हा पीन आणि खोबण. आणि उत्तर कुठवर आलंय ते पाहायला कपाटांवर निऑनचे बारीक दिवे, एकेका अंकासाठी दहा-दहा. हिशेब चुकला की या बाया दिव्यांकडे बघत एकेक पायरी मागे जायच्या आणि कुठली नळी गेली असेल तिथवर पोचायच्या. दर एक-दोन दिवसाला नळी जायचीच. अठरा हजारांतून एक शोधायची म्हणजे पोतंभर तांदळातून एक खडा!

पत्रकारांना यंत्र दाखवायचा दिवस जवळ आला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हे दिवे फारच फिके आहेत, फोटोत दिसणार नाहीत. म्हणून टेबल टेनिसचे चेंडू अर्धे कापून त्यांवर अंक लिहिले आणि ते दिव्यांवर टोपीसारखे बसवले. हिशेब सुरू झाला आणि चेंडू लखलखायला लागले. पुढे कितीतरी वर्षं सिनेमात संगणक दाखवायचा म्हणजे दिव्यांची लुकलुकती भिंत दाखवायची, ती पद्धत अशीच पडली.

कार्यक्रम गाजला. रात्री मानाचं जेवण झालं. त्या जेवणाला या सहा जणींना बोलावणं नव्हतं. आम्हाला हे वाचून नवल वाटलं नाही, राग मात्र आला. फोटोत बायका दिसत होत्या, खाली त्यांची नावं नव्हती. १९८० च्या दशकात कॅथी क्लाइमन नावाच्या विद्यार्थिनीनं या बायका कोण असं विचारलं, तेव्हा तिला उत्तर मिळालं की यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील. तिनं पिच्छा सोडला नाही, त्या बायकांना शोधून काढलं. १९९७ मध्ये त्या सहा जणींचा जाहीर सन्मान झाला, तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

दिव्यांकडे परत येऊ. तारेचे बल्ब तापायचे, जळायचे. दिवा विझला म्हणजे यंत्र बिघडलं की नुसता दिवाच गेला, हा घोळ व्हायचा. १९६२ मध्ये निक होलोन्यॅक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी तयार केला. तो तापत नाही, वर्षानुवर्षं जात नाही, वीज नावापुरती खातो. १९७२ मध्ये पिवळा आला, हिरवाही आला. निळा मात्र हट्टी निघाला. चांगला उजळ निळा एलईडी जपानमध्ये १९९० च्या दशकात जमला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. घरात आज जो पांढरा एलईडी बल्ब लावतो तो या निळ्याच्याच कृपेनं.

रंगांचे अर्थही काही देवानं ठरवून दिलेले नाहीत. जुन्या काळी रेल्वेत पांढरा दिवा म्हणजे रस्ता मोकळा आणि हिरवा म्हणजे जपून जा, असं होतं. पांढरा दिवा घरादारांच्या दिव्यांत मिसळून फसगत व्हायची, म्हणून हिरव्याला मोकळ्या रस्त्याचा मान मिळाला. संगणकांनी तोच अर्थ घेतला : हिरवा ठीक, नारिंगी लक्ष द्या, लाल बिघाड. सर्व्हरवर लालपेक्षा नारिंगीच जास्त दिसतो. काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आणि हा दोष बायकांपेक्षा पुरुषांमध्ये कितीतरी जास्त असतो. म्हणून नुसत्या रंगावर भरवसा न ठेवता दिवा कुठल्या जागी आहे आणि लुकलुकतोय की स्थिर आहे, हेही पाहायचं असतं.

सर्व्हरच्या खोलीत गेलो तर कपाटात एकावर एक चपटी यंत्रं सरकवलेली दिसतील, ताटाळ्यातल्या ताटांसारखी. त्यांच्या तोंडाशी माहिती साठवणाऱ्या डिस्क, प्रत्येकीला आपले दिवे. हिरवा लुकलुकतोय म्हणजे लिहिणं-वाचणं चालू. नारिंगी म्हणजे ही डिस्क गेली. यंत्र बंद न करता खराब डिस्क ओढून नवी बसवता येते, कारण माहिती अनेक डिस्कवर अशी वाटून ठेवलेली असते की एक गेली तरी बाकीच्यांवरून ती परत लिहिता येते. पण एकच. एक आधीच मेलेली असताना घाईत शेजारची चांगली डिस्क ओढली तर सगळी यादीच हातची जाऊ शकते. त्या यादीत कुणाचं खातं असेल, कुणाची पेन्शन. म्हणून तिथं निळा दिवा असतो. पुढचं बटण दाबलं की यंत्राच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे निळा लागतो. माणूस कपाटाला वळसा घालून मागे गेला की एकसारख्या चाळीस यंत्रांतलं नेमकं कुठलं, ते त्याला दिसतं.

विजेचंही तसंच. चांगल्या सर्व्हरला दोन वीज-पेट्या असतात, प्रत्येकीवर दिवा. एक बंद पडली तरी दुसरी भार उचलते. काम चालू राहतं, आणि म्हणूनच नारिंगी झालेल्या दिव्याकडे कुणी बघत नाही. मग एके दिवशी दुसरीही जाते, आणि त्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ अगदी खरं असतं.

आता तारा. १९८० च्या दशकात ऑफिसातले संगणक एकाच काळ्या वायरवर ओळीनं जोडलेले असत. गणपतीतल्या जुन्या माळा आठवा, एक बल्ब सैल झाला की अख्खी माळ बंद. तसंच इथं. कुणाच्या खुर्चीनं वायर निसटली की सगळं ऑफिस ठप्प, आणि कुठं निसटली ते सांगणारा दिवा नाही. हातानं चाचपत जायचं. १९९० मध्ये नवा नियम आला. प्रत्येक संगणकाला वेगळी तार, आत आठ बारीक वायरी जोडी-जोडीनं पीळ दिलेल्या, टोकाला पारदर्शक प्लास्टिकचं बूच. हे बूच टेलिफोनच्या बुचाचं मोठं भावंड. आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे काम नसतानाही दोन्ही टोकं एकमेकांना सेकंदाला साठेक वेळा बारीक ठोका देत राहतात. पलीकडचा ठोका ऐकू आला तरच खोबणीजवळचा दिवा लागतो. तो दिवा म्हणजे नाडी. तो विझलेला असेल तर तार, बूच किंवा पलीकडचं यंत्र यांत काहीतरी गडबड आहे, लांबच्या वाढप्याचा त्यात दोष नाही.

त्या बुचावर एक नाजूक जिभली असते. ती ‘टक्‌’ करून बसली तरच बूच धरून राहतं. आमच्या भागात एका केंद्रावर दोन दिवस “सर्व्हर डाऊन” ऐकून बाया परत जात होत्या, त्यांत दोघी निराधार पेन्शनवाल्या, चार-पाच किलोमीटर चालत येणाऱ्या. आमच्या गटातली एक बारावी झालेली मुलगी तिथं गेली होती. तिनं पेटीकडे पाहून विचारलं, “दादा, हा लॅनचा दिवा का लागला नाही?” बुचाची जिभली तुटलेली होती आणि टेबल सरकवताना बूच अर्ध्या नखाएवढं बाहेर आलं होतं. केंद्रचालक मुलगा चांगला होता, त्यालाही कुणी हे सांगितलेलं नव्हतं. नवी तार दीडशे रुपयांच्या आत आली.

शेवटी काचेची केबल. केसाएवढ्या बारीक काचेतून उजेड पाठवून निरोप न्यायचा, हे आज आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत आलंय. या विद्येला ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव १९६० मध्ये दिलं ते पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी. काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड लांब जाईल हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये दाखवलं. आपल्या सरकारनं २०११ मध्ये ग्रामपंचायतींना ही केबल जोडायची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. पंचायतीच्या भिंतीवर जी पांढरी पेटी असते तिच्यात ही केबल येते.

त्या पेटीवरचे दिवे आता आपल्याला परके नाहीत. ‘पॉवर’ म्हणजे वीज आली. ‘पॉन’ स्थिर हिरवा म्हणजे काचेच्या केबलनं पलीकडच्या यंत्राशी गाठ पडली. तो लुकलुकत असेल तर गाठ पडायची खटपट चालू आहे. ‘लॉस’, म्हणजे एल-ओ-एस ही तीन अक्षरं, हा दिवा विझलेलाच बरा. तो लाल लुकलुकत असेल तर केबलमधून उजेडच येत नाही. कुठं रस्ता खणताना जेसीबीनं केबल तोडली असेल, किंवा पेटीमागे ती फार मुडपली असेल, कारण काच मुडपली की उजेड गळतो. ‘लॅन’ म्हणजे पेटीपासून संगणकापर्यंतची तार. कंपनीप्रमाणे रंगात थोडा फरक असतो, नावं बहुतेक हीच. पॉवर, पॉन, लॅन तिन्ही ठीक, लॉस विझलेला, तरी काम होत नाही, तर दोष गावाबाहेरचा. तेव्हा परत जाण्यात अर्थ आहे. एक मात्र सांभाळा. निघालेल्या केबलच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही. आतला उजेड आपल्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि पेटीला हात आपण लावायचा नाही. आपण दिवे वाचायचे, आणि कुठला लागलाय नि कुठला नाही ते विचारायचं. तक्रारीच्या नंबरवर फोन केला तरी पलीकडून पहिला प्रश्न हाच असतो : लाल लागलाय का?

आमच्या गटांनी या दिव्यांची नावं मराठीत लिहून पेटीखाली चिकटवायला चिठ्ठी केली आहे. सरपंचताईंना विचारून तीन गावांत ती लावली. चार ओळी आहेत : वीज, काचेची केबल, केबल तुटली, संगणकाची तार. एका आजींनी प्रत्येक ओळीपुढे त्या-त्या रंगाचा ठिपका काढून घेतला. त्यांना अक्षर येत नाही, पण पंचायतीत गेल्या की आधी तिसऱ्या ठिपक्याशेजारचा दिवा बघतात आणि मगच रांगेत उभ्या राहतात.